विमलशहाच्या प्रासादाची हजार वर्षे

विक्रम संवत १०८८ मध्ये, म्हणजे इसवी सन १०३१ साली, अर्बुदगिरीवरील देलवाडा येथे दंडनायक विमलशहाने उभारलेल्या श्री आदिनाथ प्रासादाची प्रतिष्ठा झाली. त्याच्या शेजारच्या लूणवसहीची प्रतिष्ठा त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, ३ मार्च १२३० या दिवशी, रविवारी झाली. हिशेब मांडला तर असे दिसते की, २०३० साली लूणवसहीला आठशे आणि लगेच पुढल्या वर्षी विमलवसहीला एक हजार वर्षे पूर्ण होतात. त्या प्रसंगी संघ निघतील, महोत्सव होतील, पत्रिका छापल्या जातील, यात शंका नाही. परंतु हे प्रासाद इतकी शतके टिकले कसे, ते कोणी टिकविले आणि त्यासाठी द्रव्याची कोणती व्यवस्था लावून ठेवण्यात आली होती, हा प्रश्न ज्याच्या मनात असेल त्याने महोत्सवाच्या गर्दीपूर्वीच एकदा आबूची यात्रा शांतपणे करून यावी.

मुंबई-पुण्याच्या बाजारपेठांतील कितीतरी जैन कुटुंबांची मूळ गावे सिरोही, पाली आणि जालोर या जिल्ह्यांत आहेत. गावच्या देरासराच्या ध्वजेला किंवा लग्नकार्याला जाताना आबूरोड स्थानक त्यांच्या वाटेत येतेच. दक्षिण महाराष्ट्रातील कुटुंबांना मात्र हा प्रवास लांबचा. आबूरोडचे जुने नाव खराडी. येथील रबडी प्रसिद्ध असून गाडी थांबताच ती विकणारे खिडकीशी येतात. नवकारशीचा नियम असलेल्यांना सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे होईपर्यंत ती हातात धरून बसावे लागते, आणि लहान मुलांच्या दृष्टीने ही परीक्षा उपवासाहूनही कठीण ठरते.

स्थानकापासून माथ्यावरील गाव सुमारे २८ किलोमीटर. रस्ता वळणावळणाचा आहे. ज्यांची नजर सह्याद्रीच्या काळ्या, थरांवर थर रचलेल्या कातळाला सरावलेली आहे, त्यांना येथील डोंगर प्रथम अनोळखी वाटतो. हा ग्रॅनाइटचा डोंगर आहे. वाऱ्यापावसाने घासून गोल झालेल्या प्रचंड शिळा एकमेकींवर रेललेल्या असतात. तळ्याकाठच्या एका शिळेला तर बेडकाचा आकार आलेला आहे. खाली मारवाडचा रुक्ष प्रदेश आणि वर खजुरी, आंबे, करवंदीच्या जाळ्या, बांबूची बेटे. राजस्थानात सर्वाधिक पाऊस याच माथ्यावर पडतो. समुद्रसपाटीपासून गावाची उंची सुमारे १२२० मीटर आहे. हिवाळ्यात येथे पहाटे गवतावर बर्फाचा पापुद्रा धरतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत पूजेच्या एकवस्त्राने देरासरात जाणाऱ्या वयस्कर मंडळींनी तेवढा विचार करावा. १९६० पासून हा परिसर अभयारण्य आहे. अस्वले कधीकधी वस्तीपर्यंत येतात, आणि हिरव्या मुनियेसारखा दुर्मीळ झालेला लहानसा पक्षी पाहण्यासाठी पक्षिप्रेमी दुरून येथे येतात.

थंड हवेचे ठिकाण म्हणून आबूचा इतिहास इंग्रजांपासून सुरू होतो. १८४५ साली सिरोहीच्या रावांनी आजारी गोऱ्या सैनिकांच्या आरोग्यधामासाठी येथील काही जमीन इंग्रज सरकारला दिली. पुढे राजपुतान्याच्या एजंटाचे मुख्य ठाणेही येथेच आले आणि संस्थानिकांनी आपापल्या कोठ्या बांधल्या. मात्र ती जमीन देताना रावांनी ज्या अटी घातल्या, त्यांत या पर्वतावर गोवध होणार नाही ही एक अट होती. एका लहानशा संस्थानाने तत्कालीन सर्वसत्ताधीशांकडून हे मान्य करवून घेतले, ही गोष्ट प्रवासी पुस्तिकांतून सहसा सांगितली जात नाही. आणखी एक विस्मृत बाब अशी की, १९५० साली आबू आणि देलवाडा हा भाग सिरोहीपासून तोडून मुंबई राज्याला जोडण्यात आला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा तो राजस्थानात परत गेला. म्हणजे सुमारे सहा वर्षे देलवाड्याची मंदिरे आणि मुंबईचे गोडीजी देरासर एकाच राज्यात होती!

नक्की तलाव, सूर्यास्त पाहण्याची जागा, तेथील घोडे, मक्याची कणसे आणि राजस्थानी पोशाख घालून काढावयाची छायाचित्रे यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. तलाव सुंदर आहे. देवांनी नखांनी खोदला म्हणून त्याचे नाव नक्की, अशी आख्यायिका सांगतात. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी महात्माजींच्या अस्थींचे विसर्जन येथेही झाले, त्याची खूण म्हणून गांधी घाट आहे. शेजारच्या गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे शनिवार-रविवारी येथे येणाऱ्यांपैकी काहींचा हेतू निसर्गदर्शनाचा नसतो, हे मुख्य बाजारातून सायंकाळी चालणाऱ्या कोणत्याही कुटुंबाच्या लक्षात येते. संघाने मुक्काम शक्यतो देलवाड्याच्या धर्मशाळेतच करावा. तेथे भोजनशाळेची सोय आहे, आणि सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्यासाठी बाजारात हिंडावे लागत नाही.

देलवाडा गावापासून अडीच-तीन किलोमीटरवर आहे. बाहेरून पाहणाऱ्याची बहुधा निराशा होते. साध्या भिंती, बेताची शिखरे, आंब्यांची झाडे. सकाळचा वेळ पूजेसाठी राखलेला असतो आणि दुपारी बारा ते सहा या वेळात इतर प्रवाशांना प्रवेश मिळतो. कातड्याच्या वस्तू बाहेर ठेवाव्या लागतात, छायाचित्रे घेण्यास मनाई आहे आणि भ्रमणध्वनीही आत नेता येत नाही. या नियमावरून प्रवेशद्वाराशी कुरकुर करणारे पुष्कळ भेटतात. वास्तविक हा नियम यात्रेकरूंच्या लाभाचाच आहे. जे छत इतर कोठे असते तर यंत्रात टिपून लोक पुढे निघून गेले असते, त्याच्याखाली येथे त्यांना मान दुखेपर्यंत उभे राहावे लागते.

सकाळची पूजा आणि दुपारचे पाहणे ही दोन कामे वेगवेगळी ठेवावीत, हे उत्तम. पूजेच्या वेळी लक्ष मूलनायकाकडे असते. केसर, चंदन, फुले, रांग आणि वेळ यांतच मन गुंतते. दुपारी पुन्हा आत गेल्यावरच स्तंभ, तोरणे आणि छते यांच्याकडे लक्ष जाते. पुष्कळसे संघ ‘एका दिवसात पाच तीर्थे’ अशी आखणी करून येतात. त्यांच्या वाट्याला देलवाड्याची पंचेचाळीस मिनिटे येतात, आणि त्यांतलीही दहा चपला शोधण्यात जातात.

विमलशहा प्राग्वाट म्हणजे पोरवाड कुळातला. पाटणच्या सोळंकी राजा पहिल्या भीमदेवाचा तो दंडनायक होता आणि आबूच्या पायथ्याची चंद्रावती त्याच्या अधिकाराखाली होती. शस्त्र हाती घेऊन आयुष्य गेल्यावर उतारवयात त्याने आचार्य वर्धमानसूरींच्या उपदेशाने हे मंदिर बांधले. परंपरा सांगते की, पर्वतावरील जमीन ब्राह्मणांच्या ताब्यात होती आणि विमलशहाने ती तिच्यावर सुवर्णमुद्रा अंथरून विकत घेतली. गोल नाण्यांच्या मधे फटी राहतात, म्हणून त्याने चौकोनी नाणी पाडून घेतली, अशीही पुस्ती जोडतात. या कथेतील नाण्यांचा आकार बाजूला ठेवला तरी तिच्यातील व्यवहार ध्यानात घेण्याजोगा आहे. विजयी सेनापतीला जमीन ताब्यात घेण्यास कोण अडविणार होते? तरीही देवासाठी घ्यावयाची जमीन मालकाच्या संमतीने आणि पुरेपूर मोल देऊनच घ्यावी, हे समाजाने या कथेत जपून ठेवले आहे. या मंदिरासाठी अठरा कोटी त्रेपन्न लक्ष द्रव्य खर्च झाले, असा आकडा पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. त्याचा जमाखर्च कोठे उपलब्ध नाही. तो श्रद्धेचा आकडा समजावा. मात्र पांढरा दगड आरासणच्या, म्हणजे अंबाजीजवळच्या डोंगरातून आणून या उंचीवर चढविला गेला, एवढे लक्षात घेतले तरी खर्चाची कल्पना येते.

आत पाऊल टाकताच रंगमंडप समोर येतो. त्याच्या घुमटात सोळा विद्यादेवी वर्तुळाकार उभ्या आहेत आणि मधोमध दगडाचे झुंबर उतरत आले आहे. भोवतीच्या भमतीत पन्नासहून अधिक देवकुलिका असून प्रत्येकीसमोरचे छत निराळे आहे. कोठे कमळ, कोठे कल्पलता, कोठे भरत-बाहुबलींचे युद्ध. दक्षिणेकडील यात्रेकरू बाहुबलींना श्रवणबेळगोळ आणि कुंभोजच्या भव्य एकट्या मूर्तीमुळे ओळखतात. येथे तेच बाहुबली हातभर छतात, सैन्य, हत्ती, घोडे यांच्या गर्दीत सापडतात, आणि ते शोधताना घरातील मुलांना फार आनंद होतो. काही छतांत नरसिंह आणि कालियादमन करणारा कृष्णही आहे. वेशीपाशी हस्तिशाळा आहे. ती विमलशहाच्या बंधूच्या वंशातील पृथ्वीपाल मंत्र्याने बाराव्या शतकात बांधली.

लूणवसही आकाराने काहीशी लहान. परंतु खरा वेळ येथेच द्यावा. धोळक्याचा वाघेला राणा वीरधवल याच्या मंत्रिपदावर असलेले वस्तुपाल आणि तेजपाल हे बंधू गुजरातच्या इतिहासात सुप्रसिद्ध आहेत. यांपैकी तेजपालाने हे नेमिनाथाचे मंदिर बांधविले. थोरला बंधू लूणिग अकाली वारला, त्याच्या स्मरणार्थ हे मंदिर, असे परंपरा म्हणते. मंदिरातील शिलालेखात मात्र पत्नी अनुपमादेवी आणि पुत्र लूणसिंह यांच्या श्रेयासाठी ते बांधल्याचे नमूद आहे. शिल्पी होता शोभनदेव.

अनुपमादेवी चंद्रावतीच्या प्राग्वाट कुळातली कन्या. प्रबंधग्रंथांत तिच्या दोन कथा येतात, आणि त्या व्यापारी घरांत अजूनही सांगितल्या जाव्यात अशा आहेत. पहिली अशी : दोघे भाऊ संपत्तीचा काही भाग जमिनीत पुरून ठेवण्यासाठी गेले, तर खणताना त्यांना उलट आणखी धन सापडले. आता एवढ्याचे काय करावे, हे त्यांनी अनुपमादेवीला विचारले. ती म्हणाली, ते डोंगराच्या माथ्यावर ठेवा. तेथे ते सर्वांना दिसेल आणि कोणाला चोरता येणार नाही. दुसरी कथा तितकी प्रसिद्ध नाही. काम फार रेंगाळले, तेव्हा ती स्वतः वर गेली आणि शोभनदेवाला कारण विचारले. त्याने सांगितले की, डोंगरावर थंडी कडक आहे, कारागिरांची बोटे आखडतात, शिवाय स्वयंपाक करून जेवण्यातच दिवसाचा मोठा भाग जातो. तिने कोणाला दूषण दिले नाही. प्रत्येकाजवळ शेगडी ठेवविली, जेवण तयार मिळेल अशी व्यवस्था केली, आणि रात्री काम करणारे निराळे कारागीर नेमले. काम वेगाने सुरू झाले. दानशूर स्त्रियांच्या कथा पुष्कळ आहेत. कारखान्याची अडचण जागेवर जाऊन सोडविणाऱ्या स्त्रीची ही कथा म्हणून विशेष वाटते.

कारागिरांना दगडातून निघालेल्या भुकटीच्या भारोभार चांदी दिली जात असे, असे मार्गदर्शक हटकून सांगतात. या गोष्टीला लिखित आधार असो वा नसो, मजुरीची ती पद्धत विचारात घेण्यासारखी आहे. रोजंदारीवरचा कारागीर दगड जेवढा सुटेल तेवढा सोडतो. भुकटीवर मोबदला मिळाला, तर तो कोरतच राहणार, पाकळीच्या मागची बाजूही पोकळ करणार. रंगमंडपातील झुंबराकडे पाहिले म्हणजे नेमके हेच झालेले दिसते. पाकळ्या इतक्या पातळ झाल्या आहेत की दुपारच्या उजेडात त्यांच्यातून प्रकाश पाझरतो. झुंबराभोवतीच्या वलयात ७२ तीर्थंकरमूर्ती आहेत आणि त्याखालच्या वलयात ३६० लहान साधुमूर्ती. त्या मोजण्याचा प्रयत्न बहुतेक जण करतात आणि शंभराच्या आत चुकतात.

छतांपैकी एक छत चुकवू नये. त्यात नेमिकुमारांची वरात आहे. एका बाजूला मंडप सजला आहे, राजीमती वाट पाहत आहे. दुसऱ्या बाजूला भोजनासाठी कोंडून ठेवलेले पशू आहेत. त्यांचा आक्रोश ऐकून वराने रथ वळविला आणि गिरनारची वाट धरली. ही कथा समाजातील मुलांना पाठशाळेत शिकविली जाते. परंतु विवाहाच्या दोन-दोन हजार पानांच्या पंगती आणि त्यांतील उधळपट्टी जेथे नित्याची झाली आहे, तेथील मंडळींनी या छताखाली थोडे अधिक थांबण्यास हरकत नाही.

गाभाऱ्याच्या बाहेर दोन बाजूंस दोन गोखले आहेत, त्यांना देराणी-जेठाणीचे गोखले म्हणतात. दोघी जावांनी स्पर्धेने ते घडविले, अशी कथा सांगण्यात येते आणि प्रत्येक संघातील स्त्रिया ती ऐकून एकमेकींकडे पाहून हसतात. गोखल्यांवरील लेख मात्र वेगळेच सांगतात. दोन्ही गोखले तेजपालाने आपली दुसरी पत्नी सुहडादेवी हिच्या श्रेयासाठी केले आहेत. जावांचे भांडण नंतर कोणीतरी जोडले. अनुपमादेवीसारख्या स्त्रीवर हा आरोप शेकडो वर्षे होत आला, हे बरे नाही. निदान संघप्रमुखांनी तरी तो पुढे चालवू नये.

आता त्या शिलालेखाविषयी. लूणवसहीत दोन मोठे लेख आहेत. त्यांतील प्रशस्ती सोमेश्वर या सोळंक्यांच्या राजपुरोहिताने रचली. तो ब्राह्मण आणि शिवभक्त, पण वस्तुपालाचा स्नेही होता. प्रशस्तीचे काव्यगुण विद्वानांनी वाखाणले आहेत. व्यवहार जाणणाऱ्या वाचकाचे लक्ष मात्र दुसऱ्या लेखाकडे जावे. आजच्या भाषेत सांगावयाचे तर तो न्यासपत्रच आहे. मंदिराची देखरेख कोणी करावयाची, हे त्यात नावांनिशी दिले आहे : मल्लदेव, वस्तुपाल, तेजपाल हे तिघे बंधू आणि त्यांची संतती, तसेच अनुपमादेवीच्या माहेरचे, चंद्रावतीचे पुरुष व त्यांची संतती. स्नान, पूजा आणि देखभाल ही कामे त्यांनी कायमची चालवावयाची. पाटणला किंवा धोळक्याला बसलेला मंत्री दररोज आबूवर येऊ शकत नाही, हे ओळखून पायथ्याशी राहणाऱ्या व्याह्यांना त्याने या व्यवस्थेत बांधून घेतले.

त्यापुढचा भाग अधिकच विचारपूर्वक लिहिला आहे. प्रतिष्ठेच्या वार्षिक दिनापासून, चैत्र वदी तृतीयेपासून, आठ दिवसांचा महोत्सव करावयाचा. ही तिथी महाराष्ट्राच्या पंचांगाप्रमाणे फाल्गुन वद्य तृतीया होय, कारण उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो. या आठ दिवसांचा भार आसपासच्या गावांवर वाटून दिलेला आहे. कासहृद, ब्रह्माण, मुंडस्थल, मडाहड अशा गावांच्या श्रावकांनी कोणता दिवस करावयाचा, हे ठरलेले. प्राग्वाट, ओसवाल, श्रीमाळ अशा ज्ञातींचे प्रमुख त्यात नावांनी येतात. नेमिनाथांची पाच कल्याणके देलवाड्याच्या श्रावकांकडे. चंद्रावतीचा परमार राजा सोमसिंह याने पूजेच्या खर्चासाठी एक गाव लावून दिले. म्हणजे, उत्पन्नाचे साधन राजाकडून, देखरेख कुटुंबांकडे, वार्षिक खर्च गावांकडे आणि हे सर्व दगडावर कोरलेले. मंदिराला कोटी द्रव्य खर्चणाऱ्याने पुढल्या वर्षीच्या दिव्याच्या तेलाचाही विचार करून ठेवला होता.

या व्यवस्थेची परीक्षा लवकरच झाली. चौदाव्या शतकाच्या आरंभी सुलतानी फौजांनी दोन्ही मंदिरांची मोडतोड केली. संवत १३७८ मध्ये, म्हणजे एका पिढीच्या आतच, विमलवसहीचा जीर्णोद्धार लल्ल आणि वीजड यांनी, तर लूणवसहीचा पेथड या संघपतीने केला. यांपैकी कोणीही मंत्री किंवा सेनापती नव्हते. विमल, वस्तुपाल, तेजपाल यांची नावे घराघरांत माहीत आहेत. लल्ल, वीजड आणि पेथड यांची नावे किती संघांत घेतली जातात? गेल्या शतकाच्या मध्यास पुन्हा मोठे काम निघाले. शेठ कस्तुरभाई लालभाई यांच्या नेतृत्वाखाली आणंदजी कल्याणजी पेढीने राणकपूर आणि देलवाडा येथील जीर्णोद्धार हाती घेतला. सोमपुरा शिल्पींनी तुटलेले भाग इतक्या निगुतीने पुन्हा घडविले की, मूळचे कोणते आणि नवे कोणते, हे सामान्य यात्रेकरूला दाखविल्याशिवाय कळत नाही.

नव्या मंदिराहून जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट, असे साधुभगवंत व्याख्यानातून सांगतात, आणि सभेत सर्वजण मान डोलावतात. प्रत्यक्षात चढाव्याचे आकडे मात्र नव्या प्रतिष्ठेच्या वेळीच चढतात. महामार्गाच्या कडेला दरवर्षी नवे संगमरवरी तीर्थ उभे राहते. मुख्य दाता, सहदाता, पायरीचा दाता, सर्वांच्या पाट्या लागतात. पाच वर्षांनी तेथे पुजाऱ्याच्या वेतनाची ओढाताण सुरू होते. देवद्रव्य अन्य कामी वापरता येत नाही, आणि साधारण खाते रिकामे! ज्या दुकानदाराने आपल्या धंद्यात यंत्र घेताना घसारा धरला नाही असे कधी होत नाही, तोच मंदिर बांधताना देखभालीचा निधी वेगळा काढत नाही, ही विसंगती नव्हे काय? ‘कायमी तिथी’ लिहून देण्याची प्रथा समाजात आहे, परंतु वीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या तिथीच्या ठेवीचे आजचे व्याज एका दिवसाच्या फुलांनाही पुरत नाही. तेजपालाने रोख रक्कम न ठेवता गाव, घराणी आणि ठरलेली कर्तव्ये लावून दिली, त्यात हा महागाईचा प्रश्न बराचसा सुटला होता. सहस्राब्दीच्या निमित्ताने जे द्रव्य गोळा होईल, त्यातील किती भाग मंडपावर आणि किती दगडाच्या रक्षणावर जाईल, हे त्या दोन वर्षांत दिसेल. कामही सोपे नाही. संगमरवर पिवळा पडतो, पावसाचे पाणी छतांत झिरपते आणि हजारो हात रोज त्याच त्या स्तंभांना स्पर्श करून जातात.

उरलेली तीन मंदिरे लवकर पाहून होतात. पित्तलहर मंदिर भीमाशहाचे. तेथील आदिनाथांची धातूची प्रतिमा १०८ मण वजनाची सांगतात. तिची प्रतिष्ठा अहमदाबादच्या सुंदर आणि गदा या मंत्र्यांनी संवत १५२५ मध्ये केली. पार्श्वनाथांचे चौमुख मंदिर तीन मजली आणि सर्वांत उंच. उरलेल्या दगडांतून कारागिरांनी ते विनामोबदला बांधले, अशी कथा आहे; ते मंडलिक या श्रावकाच्या कुटुंबाने पंधराव्या शतकात बांधविले. महावीरस्वामींचे मंदिर लहान असून त्यात सिरोहीच्या चित्रकारांनी १७६४ साली काढलेली भित्तिचित्रे आहेत. परिसरात दिगंबर मंदिरही आहे. दोन्ही आम्नायांच्या यात्रेकरूंनी परस्परांच्या मंदिरात डोकावण्याचे सौजन्य दाखवावे.

दुसऱ्या दिवशी अचलगड आणि गुरुशिखर. अचलगडाचा किल्ला परमारांचा. राणा कुंभाने १४५२ साली तो पुन्हा बांधला. पायथ्याच्या कुंडाकाठी दगडाचे तीन रेडे आणि धनुष्य घेतलेला धारावर्ष राजा उभा आहे. एकाच बाणाने त्याने तिघांना वेधले, असे म्हणतात. वर आदिनाथांचे चौमुख मंदिर असून तेथील चौदा पंचधातूंच्या प्रतिमांचे एकत्रित वजन परंपरेने १४४४ मण मानतात. राणकपूरच्या स्तंभांची संख्याही १४४४ सांगतात, हा योगायोग लहानांनाही आवडतो. चढ दमविणारा आहे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी खालीच बसून भाष्य ऐकावे. गुरुशिखर १७२२ मीटर उंच, अरवलीतील सर्वोच्च. तेथे दत्तात्रेयांचे स्थान असल्यामुळे मराठी बोलणारे भाविकही भेटतात. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची वेधशाळाही जवळच आहे. स्वच्छ दिवशी अर्धे मारवाड पायाखाली पसरलेले दिसते.

परतीच्या वाटेवर, गाडीला वेळ असेल तर, आबूरोडपासून काही किलोमीटरवर असलेल्या चंद्रावतीला जावे. संघ तेथे थांबत नाहीत, कारण पूजेसाठी उभे असे तेथे काही राहिलेले नाही. परमारांची ही राजधानी एकेकाळी मंदिरांनी भरलेली होती. १८२२ साली कर्नल टॉड आबूवर आला, त्यानंतरच्या काळातही तेथे संगमरवरी वास्तू उभ्या होत्या. मग लोकांनी दगड उचलून नेले, आणि रेल्वेमार्ग पडला तेव्हा कंत्राटदारांनीही तो वापरला. आता शेते, माती आणि थोडे चौथरे आहेत. अनुपमादेवीचे हे माहेर. लूणवसहीच्या लेखात जी घराणी देखरेखीस बांधली गेली, त्यांची घरे येथेच असणार. त्यांपैकी एकाचाही पाया आज निश्चित दाखविता येत नाही. लेखातील मुंडस्थल, म्हणजे आजचे मुंगथला, मात्र येथून जवळच नांदते आहे.